गाडीचा नंबर कोणताही असो, शेवटी येणार ६१७४! देवळालीच्या मास्तरांनी शोधलेल्या संख्येची गोष्ट

तुमच्या मोटरसायकलच्या नंबर प्लेटवरचे शेवटचे चार आकडे बघा. चारही आकडे सारखे नसले की झालं. त्यावर एका ठरावीक पद्धतीने वजाबाक्या करत गेलात, की जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ ही संख्या समोर येते. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा नंबर घेतला तरी तेच, मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे घेतले तरी तेच.

नाशिक जिल्ह्यातील देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये ही गंमत शोधून काढली. आज जगभरात ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. स्थिरांक म्हणजे न बदलणारी संख्या.

कसे करायचे?

समजा गाडीचा नंबर ४८७१ आहे. आधी आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा: ८७४१. मग लहानाकडून मोठ्याकडे: १४७८. मोठ्यातून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हेच करा.

८७४१ – १४७८ = ७२६३
७६३२ – २३६७ = ५२६५
६५५२ – २५५६ = ३९९६
९९६३ – ३६९९ = ६२६४
६६४२ – २४६६ = ४१७६
७६४१ – १४६७ = ६१७४

सहाव्या वजाबाकीला ६१७४ आले. आता पुढे कितीही वेळा करा, ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४ च उरते.

इथे बरेच जण फसतात

नंबर १११२ असेल तर २१११ मधून १११२ वजा केल्यावर मोबाईलचा कॅल्क्युलेटर ९९९ दाखवतो. हे तीनच आकडे धरून पुढे गेलात तर उत्तर शून्य येईल आणि 'हे खोटं आहे' असं वाटेल. म्हणून पुढे शून्य लावून ०९९९ असे चार आकडे पूर्ण करायचे. मग ९९९० – ०९९९ = ८९९१ असा हिशेब बरोबर पुढे जातो. ५५५५ सारखे चारही आकडे सारखे असतील तर मात्र पहिल्याच वजाबाकीत शून्य येते. असे नंबर सोडून द्यायचे.

चमत्कार नाही, हिशेब आहे

पहिल्या वजाबाकीचे उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरते. एक, सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान आकड्यातला फरक. दोन, मधल्या दोन आकड्यांतला फरक. ८७४१ मध्ये ८ आणि १ चा फरक ७, तर ७ आणि ४ चा फरक ३. आता ९९९ गुणिले ७ म्हणजे ६९९३ आणि ९० गुणिले ३ म्हणजे २७०. बेरीज ७२६३. वर पहिल्या ओळीत हेच उत्तर आले आहे.

अशा फरकांच्या जोड्या फक्त ५४ होतात. म्हणजे ०००० ते ९९९९ मधले सारख्या आकड्यांचे १० नंबर सोडले, तर उरलेले ९,९९० नंबर पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांवर येतात. पुढे ती ५४ उत्तरेही, ओढे-नाले जसे एकाच नदीला मिळतात तशी, ६१७४ ला जाऊन मिळतात.

म्हणून कुणी ६१७४ ला लकी नंबर म्हणू लागले किंवा यावरून मटक्याचा आकडा काढून देतो म्हणाले, तर एवढेच लक्षात ठेवा: सगळ्यांचेच उत्तर एक येत असेल तर त्यातून कुणाचेही नशीब कळणार नाही.

आणि हे प्रत्येक वेळी जमतेच असेही नाही. तीन आकडी संख्या घेतली तर ४९५ वर थांबते. दोन आकडी घेतली तर थांबतच नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ अशी गोल-गोल फिरत राहते.

कोण होते कापरेकर?

कापरेकरांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. पुढे १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षे ते देवळालीत शिक्षक होते. पदवीच्या पुढचे शिक्षण नव्हते, मोठ्या संस्थेत नोकरी नव्हती. आकड्यांशी खेळायचा नाद मात्र आयुष्यभर सुटला नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतील लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्या कामाबद्दल लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोचले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

ज्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी 'हर्षद' म्हणजे आनंद देणारी संख्या असे नाव दिले. ६१७४ हीसुद्धा हर्षद आहे. ६+१+७+४ = १८, आणि ६१७४ भागिले १८ म्हणजे बरोबर ३४३. हे ३४३ म्हणजे परत ७×७×७!

घरच्या पोरांना द्या

हातच्याची वजाबाकी आली की अनेक मुले वैतागतात. त्यांना पुस्तकातली गणिते देण्याआधी घरच्या गाडीचा नंबर द्या. कॅल्क्युलेटर नको, पाटी किंवा वही द्या. सात वजाबाक्यांत ६१७४ आले नाही तर समजायचे, कुठेतरी हातचा चुकला. चूक शोधायलाही मग मुले आपणहून बसतात. यासाठी क्लास लागत नाही, रिचार्जही लागत नाही.