ठकसेनांचं संमेलन

कॅसेटवर नाव नव्हतं. वसतिगृहात एकाकडून दुसऱ्यानं, दुसऱ्याकडून तिसऱ्यानं भरून घेत ती माझ्यापर्यंत आली, तोवर मूळ आवाजावर खरखरीची साय धरली होती. आत एक माणूस बोलत होता. गात नव्हता, बोलतच होता, पण ताल त्याला क्षणभर सोडत नव्हता. निम्मं इंग्रजी डोक्यावरून गेलं. कुणीतरी फाशांवर जिंकतोय, एवढं कळलं. हा माणूस कोण, हे कळायला मात्र बरीच वर्षं गेली, कारण त्याची नावंच चार होती.

जन्मनाव लॉरेन्स पडिला. साल १९४४, न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन. पुढं तो अलाफिया पुदीम झाला, मग जलालुद्दीन मन्सूर नुरिद्दीन. आणि माझ्या कॅसेटवर जो बोलत होता, तो ‘लाइटनिन रॉड’.

तो ज्या कवींच्या गटात होता, त्या ‘लास्ट पोएट्स’चं नाव बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. १९ मे १९६८, माल्कम एक्सचा जन्मदिवस. हार्लेमच्या माउंट मॉरिस पार्कात गिलन केन, डेव्हिड नेल्सन आणि अबिओडन ओयेवोले या तिघांनी कविता म्हटल्या, तिथून सुरुवात. नाव घेतलं ते दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेल्या केओरापेत्से ख्गोसित्सिले या कवीच्या कवितेवरून. आता बंदुकांचा काळ येतो आहे, तेव्हा आपण शेवटचे कवी, असा त्याचा भाव. गंमत अशी की याच कवीचा मुलगा पुढं अर्ल स्वेटशर्ट या नावानं रॅपर झाला. शेवटचे म्हणवणाऱ्यांचा वंश असा घरातच वाढला.

दोन वर्षांत गट फुटला. १९७० साली ‘लास्ट पोएट्स’ नावाची पहिली तबकडी आली, तिच्यात ओयेवोलेसोबत उमर बिन हसन आणि आपला जलाल, म्हणजे दोघं मागून आलेले. त्याच साली केन, नेल्सन आणि फेलिपे लुसियानो यांचा ‘राइट ऑन’ हा चित्रपट आला. ही मंडळी स्वतःला ‘ओरिजिनल लास्ट पोएट्स’ म्हणवू लागली. कंदी पेढ्यांच्या दुकानाच्या पाटीवर ‘मूळ’ हा शब्द जे काम करतो, तेच इथं. कलगीवाले आणि तुरेवाले एकमेकांच्या डफावर तुटून पडत, पण निदान सवालाला जवाब तरी देत. इथं नुसती मालकीची भांडणं. कोण खरा, या वादात मला रस नाही. मागून आलेल्या जलालनं बरोबर काय आणलं, हा माझा प्रश्न.

त्यानं आणला ‘टोस्ट’. पेला उंचावून बोलायचे चार शब्द नव्हेत. तुरुंगात, लष्करी बराकीत, नाक्यावर कृष्णवर्णीय पुरुष जी लांबलचक यमकी आख्यानं तोंडपाठ म्हणत, त्यांना टोस्ट म्हणतात. सेंट लुइसमध्ये १८९५ च्या नाताळात ली शेल्टननं टोपीवरून झालेल्या भांडणात बिली लायन्सला गोळी घातली. त्यातून ‘स्टॅगोली’ जन्मला आणि शंभर तोंडांतून शंभर रूपं घेत फिरला. बढाई, शिवी, बाई, पैसा, शेवटी मरण. रॉजर एब्रहॅम्सनं फिलाडेल्फियात, ब्रूस जॅक्सननं टेक्ससच्या तुरुंगांत बसून ही आख्यानं उतरवून घेतली. हिप-हॉपचा पूर्वज शोधताना लेखक बहुधा क्रांतीच्या कवितेकडं बोट दाखवतात. मला ते अर्धवट वाटतं. घोषणेतून आवेश आला असेल. गोष्ट आली ती कोठडीतून.

पुरावा हवा तर १९६९ सालचं एक ध्वनिमुद्रण आहे. गिटारवर जिमी हेंड्रिक्स, ड्रमवर बडी माइल्स, आणि जलाल म्हणतोय ‘डोरिएला द्यु फॉन्टेन’. हा टोस्ट त्यानं रचलेला नव्हता, तोंडोतोंडी फिरतच होता. ते ध्वनिमुद्रण बाहेर यायला १९८४ उजाडलं. हेंड्रिक्स जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

मग त्यानं स्वतःचा टोस्ट रचला. ‘हसलर्स कन्व्हेन्शन’, १९७३. मी याला ठकसेनांचं संमेलन म्हणतो. साहित्य संमेलनासारखंच हेही भरतं, फक्त स्वागताध्यक्ष नसतो. स्पोर्ट आणि स्पून हे दोन जिवलग. साल १९५९, जूनमधली पौर्णिमा. बारा तुकड्यांची नावं ओळीनं वाचली तरी कथानक हाती लागतं: आधी दोघांची ओळख, मग संमेलनासाठी भारी कपड्यांची खरेदी, हॅमहॉक्स हॉलचं वर्णन, स्पूनच्या हातून सुटणारे फासे, बिलियर्डच्या टेबलावर पहिला फटका बसताच चिडीचूप झालेली गर्दी, पत्त्यांत आलेल्या चार राण्या. त्या राण्यांसाठी त्यानं वापरलेला शब्द इथं छापण्याजोगा नाही, आणि एकूणच या आख्यानातल्या बाईला माणूसपण फारसं नाही. हे नजरेआड करून कौतुक करणाऱ्यांचा मला राग येतो. मागं कूल अँड द गँग वाजवतात, बिली प्रेस्टन वाजवतो. पण शब्द संगीतावर स्वार होत नाही, त्याच्या बाजूनं चालतो, खिशात हात घालून.

आपल्याकडं कवी ढसाळांचं ‘गोलपिठा’ आलं १९७२ मध्ये. दलित पँथरही त्याच वर्षीची, नाव ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. ढसाळ आणि जलाल यांना जोडणारा धागा मी सांगणार नाही, तसा तो नाहीच. पण ढसाळांचे शब्द जसे पांढरपेशा वाचकाला कोशात सापडेनात, तसंच स्पोर्टच्या बोलीपुढं माझं झालं. खानोलकरांच्या भाषेवर पोसलेला मी फाशांच्या बारा संज्ञांत अडकून पडलो होतो.

‘हसलर्स कन्व्हेन्शन’ची तबकडी फार खपली नाही. पण १९७३ च्याच ११ ऑगस्टला ब्राँक्समधल्या १५२०, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवर डीजे कूल हर्कनं हिप-हॉपची सुरुवात मानली जाणारी ती प्रसिद्ध पार्टी वाजवली, आणि त्या वस्तीतल्या पोरांनी ‘संमेलन’ पाठ केलं. मेली मेल, ग्रँडमास्टर कॅझ, फॅब फाइव्ह फ्रेडी सगळे त्याचं ऋण मानतात. जलालला रॅपचा आजोबा म्हणू लागले. २०१५ साली त्याच्यावर माहितीपट आला, रॅपर चक डी पाठीशी होता. २०१८ च्या जूनमध्ये जलाल गेला.

नातवंडांनी आजोबाचे कपडे उचलले, गाडी उचलली, तोरा उचलला. राहून गेला तो बारावा तुकडा. त्यात स्पोर्टला मृत्युदंडाची शिक्षा होते आणि बारा वर्षं आत काढल्यावर त्याला उमगतं, की आपण चिल्लर होतो, खरे ठक भलत्याच उंच इमारतींत बसतात. कलेच्या दृष्टीनं हा तुकडा बाकीच्यांहून फिका आहे, हे कबूल करावं लागतं. फासे फेकतानाचा आनंद त्यात नाही.

आणि पोरांना तरी काय बोलू? माझ्या कॅसेटची फीत अकराव्या तुकड्यातच, पोलिसांच्या गोळीबारात संपत होती. स्पोर्ट निसटला, असंच मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो.