टॅबलेटमधली जागा जाते कुठे?

खोक्यावर ३२ जीबी, पडद्यावर बऱ्याचदा २९.८. कंपनी जीबी मोजते १०० कोटी बाइटचा. अनेक यंत्रे मोजतात १,०७,३७,४१,८२४ बाइटचा. सिस्टिमचा वाटा अजून वजा व्हायचाच आहे!

सिस्टिम फाइल : अँड्रॉइड आणि कारखान्यातूनच बसवून आलेली ॲप. असे ॲप 'डिसेबल' केले की त्याचे अपडेट जातात; मूळ प्रत तिथेच राहते.

कॅशे : तात्पुरता साठा. पुसला तरी लॉगिन शाबूत. 'क्लिअर डेटा'ने मात्र लॉगिनही जाते.

रॅम : चालू कामाची मेमरी. साठवणीशी गल्लत नको.

'आकाश' : सरकारी स्वस्त टॅबलेट, ५ ऑक्टोबर २०११. साठवण २ जीबी, भिस्त मेमरी कार्डावर. 'आकाश-२' नोव्हेंबर २०१२मध्ये आला, ४ जीबी घेऊन. तोवर प्रकल्पाची धुरा पवईच्या आयआयटी मुंबईकडे आली होती.

'सरफेस आरटी' : मायक्रोसॉफ्टचा टॅबलेट, २०१२. ३२ जीबीपैकी मोकळी जागा साधारण निम्मी. यावरून लॉस एंजेलिसच्या एका वकिलाने त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचले.

मोबाइल वापसी : ऑगस्ट २०२१. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत केले. तक्रारींत एक होती, २ जीबी रॅम अपुरी.