श्रद्धेची सवय होते तेव्हा...

दिल्लीतील आर. के. पुरम ही मुख्यतः केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. बदलीमुळे महाराष्ट्रातून येथे आलेल्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाचा रविवार डोळ्यांसमोर आणा. सकाळी इस्त्रीचे कपडे, मुलांची घाई, हिंदी किंवा इंग्रजी उपासना, दुपारी मटणाचा रस्सा. मंडळीची वर्गणी वेळेवर जाते, नाताळात दाराबाहेर तारा लागतो. कशातही उणे नाही. तरीही एखाद्या रात्री जेवणाआधीची प्रार्थना ओठांवर आपोआप येत असता गृहिणीच्या मनात येते : आपण हे नक्की कुणाशी बोलतो आहोत?

असा प्रश्न पडला म्हणजे श्रद्धा संपली, असे मुळीच नाही. महाराष्ट्रातील एका थोर विदुषीलाही तो पडला होता, आणि तोही बाप्तिस्म्यानंतर तब्बल ८ वर्षांनी!

सारे होते, पण...

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येला कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये ‘पंडिता’ म्हणून गौरवले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये विधवांच्या शिक्षणासाठी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. विद्वत्ता होती, सेवाही होती. मग उणीव ती कसली?

याच सुमारास हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. कित्येक वर्षे उपदेश केल्यानंतर, व्यासपीठावर उभे असतानाच या गृहस्थांना उमगले होते की, आपण सांगतो ते आपल्याच अंतःकरणात उतरलेले नाही. रमाबाईंना त्यात स्वतःचे प्रतिबिंब दिसले. धर्माची तत्त्वे बुद्धीला पटली, विधी पार पडले. पण ज्याच्यासाठी हे सारे, त्या ख्रिस्ताशी नाते जडलेच नाही, हे त्यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत मोकळेपणाने कबूल केले. स्वतःच्या तयारीवर विसंबणे सोडून त्या ख्रिस्ताला शरण गेल्या.

या कबुलीने वाट सोपी झाली नाही. सदनात धर्मप्रसार होतो, असा आक्षेप घेऊन १८९३ मध्ये अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली-स्त्रियांना आणले. केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली.

तेथेही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी रोज प्रार्थनेला कोण बसेल, असे विचारले, तेव्हा सुमारे ७० जणी पुढे आल्या. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस केडगावात मोठी आत्मिक जागृती झाली. सामान्य स्त्रियांना समजावे म्हणून रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत बायबल आणले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले, त्याआधी हे काम पुरे झाले होते.

आपल्या घरात

रमाबाईंच्या जीवनातून एक गोष्ट ध्यानात येते : श्रद्धेला धोका केवळ संशयाचा नसतो; ‘आपले सारे ठीक चालले आहे’ या समाधानाचाही असतो. उपाय मात्र साधे आहेत. पाठ असलेल्या शब्दांऐवजी दोन वाक्ये स्वतःची बोलावी. दिवाणखान्यात शोभेला ठेवलेले मराठी पवित्र शास्त्र खाली काढून रोज थोडे घरच्यांसह वाचावे. ज्याच्याशी अबोला आहे, त्याच्याकडे आधी जावे. वर्गणी देऊन मोकळे होण्यापेक्षा शेजारच्या आजारी म्हाताऱ्यांचे औषध आणून द्यावे.

आणि मुलांसमोर कबूल करायला लाजू नये की, ‘माझीही प्रार्थना कोरडी झाली होती.’ रमाबाईंसारख्या पंडितेला ते सांगताना कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?