रिकामी घरे, भाड्याची घरे

पवनारला धाम नदीकाठी जमनालालजी बजाज यांचा बंगला होता. १९३८ मध्ये प्रकृती खालावलेले विनोबा तेथे राहावयास आले आणि त्याच वास्तूत परमधाम आश्रम उभा राहिला. जुने घर नव्या कामास लागले.

केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये मंजूर केलेल्या परवडणाऱ्या भाडे-गृहसंकुल योजनेचे तत्त्वही हेच. सरकारी निधीतून बांधलेली, परंतु ओस पडलेली घरे दुरुस्त करून २५ वर्षे श्रमिकांना भाड्याने द्यावयाची व मुदतीनंतर ती पालिकेकडे परत यावयाची. चंडीगडमधील २१९५ आणि सुरतमधील ३९३ घरे या मार्गाने वापरात आली. पवनार हे ग्रामपंचायतीचे गाव. शहरांसाठीची ही योजना त्याच्या वाट्यास येत नाही.

परंतु वर्ध्याच्या बाजारपेठेत दुकानांवरील बंद माड्यांस सरकारी निधी कशास हवा? सेवाग्राम-सावंगीच्या रुग्णालयांतील परिचारिका, विद्यार्थी खोल्या शोधत असतात. भाडेकरू पुढे हटणार नाही, या धास्तीने मालक कुलूप काढत नाही. धास्ती जुन्या काळची आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. मात्र कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. येथे काटकसर व्यापाऱ्यास शोभत नाही. लेखी करार नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत राहणाऱ्याचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.