दोन मुलांची आई, आठ सुवर्णपदकं!

मूल झालं की बाईचं खेळणं संपलं, असं आपल्याकडे अगदी सहज म्हटलं जातं. लग्नाआधी खो-खोचं मैदान गाजवणाऱ्या कितीतरी मुलींचे कप आणि ढाली पुढे माळ्यावरच्या ट्रंकेत जाऊन पडतात. अशा मैत्रिणींनी जर्मनीच्या बिर्गिट फिशरची हकिगत जरूर वाचावी.

तिचा खेळ कयाकच्या शर्यतीचा. कयाक म्हणजे लांब, निमुळती, जेमतेम अंग मावेल एवढीच रुंद होडी. एकटीची होडी पाच मीटरहून थोडी लांब, पण नियमानं तिचं वजन बारा किलो असलं तरी चालतं. गव्हाच्या भरल्या डब्याएवढं म्हणा ना! जायच्या दिशेला तोंड करून, पाय पुढे घेऊन बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आळीपाळीनं डावी-उजवीकडे मारायचं. नवशिकी बसली, की हमखास पाण्यात पडते. शिवाय नुसत्या दंडाच्या जोरावर भागत नाही. पायांनी रेटा देऊन कंबरेपासून अंग वळवावं लागतं. बायकांची ५०० मीटरची शर्यत दोन मिनिटांच्या आतबाहेर संपते.

ऑलिंपिकमध्ये बायकांना ही शर्यत १९४८ साली लंडनला प्रथम मिळाली. दोघींची होडी १९६० साली आली आणि चौघींची १९८४ साली. गुडघा टेकून एकाच पात्यानं वल्हवायच्या कनोइंगसाठी मात्र बायकांना टोकियोपर्यंत, म्हणजे थेट २०२१पर्यंत थांबावं लागलं!

हुकलेलं ऑलिंपिक

बिर्गिटचा जन्म १९६२चा, पूर्व जर्मनीतल्या हाफेल नदीकाठच्या ब्रांडेनबुर्ग गावचा. १९८० साली मॉस्कोला तिनं एकटीच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. १९८३च्या जागतिक स्पर्धेत तर एकटीची, दोघींची, चौघींची अशा तिन्ही शर्यती तिनं मारल्या. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसला काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण तिच्या देशानं त्या ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. ऐन भरातली बिर्गिट घरीच राहिली.

१९८६ साली तिला मुलगा झाला. आता ही थांबणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण १९८७च्या जागतिक स्पर्धेत तिन्ही सुवर्णपदकं पुन्हा तिचीच! १९८८ साली सोलला दोन सुवर्णपदकं मिळाली. एकटीच्या शर्यतीतलं मात्र सेकंदाच्या किरकोळ अंशानं हुकलं, रौप्यावर समाधान मानावं लागलं. १९८९ साली मुलगी झाली. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर १९९२ साली बार्सिलोनाला, दोन मुलांची आई असलेल्या बिर्गिटनं बारा वर्षांपूर्वीची ती एकटीची शर्यत पुन्हा जिंकली.

बेचाळिसाव्या वर्षी

१९९६ला अटलांटात एक आणि २००० साली सिडनीत दोन सुवर्णपदकं मिळवून ती निवृत्त झाली. पण पाणी काही तिला सोडेना! २००४ साली अथेन्सला ती चौघींच्या होडीत पुन्हा दिसली. या होडीत कुणा एकीची ताकद कामाची नसते. चारही वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडावी लागतात, एक जरी मागेपुढे झालं तरी वेग गेलाच. बिर्गिट बेचाळीस वर्षांची. होडीतली एक सोबतीण करोलिन लेऑनहार्ट तर १९८४ साली, बिर्गिटच्या हुकलेल्या ऑलिंपिकच्या वर्षी जन्मलेली! चौघींनी हंगेरीला थोडक्यात मागे टाकलं आणि बिर्गिटचं आठवं सुवर्णपदक आलं. चार रौप्यपदकं धरली, तर ऑलिंपिकची एकूण बारा.

घरातलं वल्हं पुढच्या पिढीनंही उचललं. २००८ साली बेजिंगला चौघींच्या शर्यतीत सुवर्णपदक घेणाऱ्यांत तिची भाची फानी होती.

वाचणाऱ्या प्रत्येकीला काही ऑलिंपिकला जायचं नाही. पण माळ्यावरची ती ट्रंक एकदा खाली काढून बघायला काय हरकत आहे?