सक्तीच्या विवाहाला कौटुंबिक न्यायालयाचा अटकाव

घराण्याच्या अब्रूच्या नावाखाली मुलीला डांबून ठेवणे, मारहाण करणे किंवा मनाविरुद्ध तिचे लग्न लावून देणे, हे प्रकार करणारे बहुधा तिचे आई-वडीलच असतात. मुलीला सुटका हवी असते. पण जन्मदात्यांना तुरुंगात धाडण्याची तिची तयारी नसते. त्यामुळे ती पोलिसांकडे जाण्यास कचरते. या पेचातून मार्ग काढण्यासाठी इंग्लंड आणि वेल्समध्ये कौटुंबिक न्यायालयांना विशेष अधिकार देण्यात आले आहेत.

सक्तीच्या विवाहाविरुद्धचा दिवाणी संरक्षण कायदा तेथे २००७ मध्ये संमत झाला आणि नोव्हेंबर २००८ पासून अमलात आला. त्यानुसार न्यायालय संरक्षण आदेश देऊ शकते. पीडित व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, तसेच स्थानिक प्रशासनही तिच्या वतीने दाद मागू शकते. पोलिस, शिक्षक वा मैत्रीण यांना मात्र न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. धोका तातडीचा असल्यास कुटुंबीयांना पूर्वसूचना न देताही आदेश निघतो. मुलीला परदेशी नेण्यास मनाई करणे, पासपोर्ट जमा करून घेणे, तिचा ठावठिकाणा सांगण्यास भाग पाडणे, अशा अटी त्यात असतात. केवळ मारहाणच नव्हे, तर धमकी आणि मानसिक दडपणही कायद्याने सक्तीच मानली आहे.

या आदेशाचे बळ २००८ च्या अखेरीसच दिसून आले. लंडनमध्ये काम करणाऱ्या एका बांगलादेशी तरुण डॉक्टरला आई-वडिलांनी ढाक्यात अडकवून ठेवले होते. ती ब्रिटिश नागरिक नव्हती, तरीही लंडनच्या उच्च न्यायालयाने तिच्यासाठी संरक्षण आदेश काढला. हा आदेश बांगलादेशात बंधनकारक नव्हता. मात्र डिसेंबरमध्ये ढाक्यातील न्यायालयानेही तिच्या सुटकेचा हुकूम दिला आणि ती ब्रिटनला परतली.

पुढे २०१४ मध्ये कायदा अधिक कडक झाला. सक्तीने विवाह लावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला आणि संरक्षण आदेशाचा भंग केल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. शिक्षेच्या धास्तीने मुली पुढेच येणार नाहीत, अशी भीती तेव्हा व्यक्त झाली होती. म्हणूनच दिवाणी मार्ग कायम ठेवण्यात आला. आदेशभंगाबद्दल न्यायालयाच्या अवमानाची कारवाई आजही करता येते.

भारतात अब्रूच्या नावाखाली होणाऱ्या छळाविरुद्ध स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये अशा जोडप्यांसाठी जिल्हावार विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारे उभारण्याबाबत निर्देश दिले. त्यांचा भर पोलिस आणि प्रशासनावर आहे. ब्रिटनमधील व्यवस्थेचे वेगळेपण हे, की लग्नाचा मुहूर्त गाठला जाण्यापूर्वीच न्यायाधीश हस्तक्षेप करू शकतो. त्यासाठी कुणीतरी वेळेत अर्ज करणे मात्र आवश्यक असते. अचानक शाळेत येईनाशी झालेल्या मुलीची चौकशी करणारा शिक्षक म्हणूनच या साखळीतील पहिला दुवा ठरू शकतो.