न्यायालयाचा हुकूमनामा आणि आपली पत

समजा, पुण्यातील एक गृहस्थ नोकरीनिमित्त बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये स्थायिक झाले. पुणे सोडताना क्रेडिट कार्डाची काही थकबाकी राहून गेली आणि नवा पत्ता बँकेस कळविण्याचेही राहिले. पाच वर्षांनी त्यांनी गृहकर्जासाठी अर्ज केला, तेव्हा त्यांना समजले की पुण्याच्या दिवाणी न्यायालयात आपल्याविरुद्ध दावा होऊन एकतर्फी हुकूमनामाही झाला आहे. अशा हुकूमनाम्याचा पतीवर नेमका काय परिणाम होतो?

पतअहवालात काय दिसते?

इंग्लंडमध्ये अशा निकालांची सार्वजनिक नोंदवही असते. रक्कम महिन्याभरात न भरल्यास ती नोंद सहा वर्षे राहते. भारतीय पतअहवालात मात्र निकाल नव्हे, तर कर्ज देणाऱ्या संस्थेने कळविलेली खात्याची स्थिती उमटते : ‘दावा दाखल’, ‘निर्लेखित’, ‘तडजोड’ इत्यादी. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या अधिनियमानुसार सिबिलसह चार कंपन्या ही माहिती सांभाळतात व ती किमान सात वर्षे जतन केली जाते. असा शेरा पाहून कर्ज द्यावे की नाही, हे प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरविते. घरमालकाने थकलेल्या भाड्यासाठी मिळविलेला हुकूमनामा या अहवालात येत नाही. मात्र ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तो दावा आढळू शकतो.

हुकूमनाम्याची व्याप्ती

२० लाख रुपये वा त्याहून अधिक थकबाकीसाठी बँका ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे जातात. त्याखालील रकमेचा दावा दिवाणी न्यायालयात चालतो. दिवाणी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी १२ वर्षांपर्यंत दरखास्त दाखल करता येते. ऋणको परगावी राहावयास गेला, तर हुकूमनामा तेथील न्यायालयाकडे पाठविता येतो. म्हणजेच पुण्याचा हुकूमनामा बंगळूरपर्यंत पोहोचू शकतो. वेतनावर जप्ती आल्यास पहिले १,००० रुपये व उर्वरित वेतनाचा दोन-तृतीयांश भाग कायद्याने सुरक्षित राहतो; बाकीच्या रकमेवर जप्ती येऊ शकते.

ग्राहकाने काय करावे?

समन्स रीतसर बजावले गेले नसेल, तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून ३० दिवसांत तो रद्द करण्यासाठी त्याच न्यायालयाकडे अर्ज करता येतो. विलंब न करता वकिलाचा सल्ला घ्यावा.

रक्कम न्यायालयाबाहेर भरल्यास केवळ पावतीवर समाधान मानू नये. धनकोने ती भरणा न्यायालयात प्रमाणित केला पाहिजे. तसे न झाल्यास ऋणकोने भरणा केल्यापासून ३० दिवसांत नोंदीसाठी स्वतः अर्ज करावा. नोंद नसलेला भरणा दरखास्त चालविणारे न्यायालय विचारात घेत नाही.

त्यानंतर बँकेकडून येणे बाकी नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे आणि पतअहवाल तपासावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. कमी रकमेत तडजोड केल्यास ‘तडजोड’ हा शेरा राहतो; पूर्ण फेडीनंतर खाते ‘बंद’ दिसावयास हवे. चुकीच्या नोंदीविषयीच्या तक्रारीचे निवारण ३० दिवसांत न झाल्यास, त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

एक नोंद न्यायालयाच्या दप्तरात असते, दुसरी पतअहवालात. एक मिटली म्हणून दुसरी आपोआप मिटत नाही. कर्ज फेडणे हे कर्तव्य; ते फिटल्याची नोंद दोन्ही ठिकाणी करून घेणे, ही दक्षता होय. आणि गाव बदलताना बँकेस नवा पत्ता कळविणे, ही तिची पहिली पायरी.